फुंकणीबाईचा डबा

बसडेपोच्या फाटकाशी पत्र्याची एक चौकी आहे. उन्हात तापते, थंडीत गारठते, आणि वारा सुटला की तिचं छप्पर असं खडखडतं की आतल्या माणसाला आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही. आत एक टेबल, तीन पायांची खुर्ची, चौथ्या पायाला विटा. त्या खुर्चीवर बाई बसायची. हातात मुठीएवढं यंत्र. ड्रायव्हरनं गाडी बाहेर काढण्याआधी खाली उतरायचं, यंत्राच्या नळीत फुंकायचं. आकडा शून्य आला की फाटक उघडायचं. वर काही आलं की गडी घरी.

बाई मुळातली कंडक्टर. एकवीस वर्षं धावत्या गाडीत उभं राहून तिनं तिकिटं फाडली. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा साहेबांनी उपकार केल्यासारखं तिला 'हलकं काम' दिलं. काम कसलं हलकं? पहाटेपासून दुपारपर्यंत साठ-सत्तर गड्यांच्या तोंडासमोर नाक धरून बसायचं. कुणी आदल्या दिवशी काय खाल्लं, कुणाची दाढ किडली, कुणाची बायको माहेरी गेलीय म्हणून दात घासायचं राहिलंय, सगळं तिला वासावरून कळायचं.

गडी तिला फुंकणीबाई म्हणायचे. बाईला त्याचं काही वाटायचं नाही. म्हणायची, फुंकणीला नावं ठेवता, पण ती नसली तर धूर तुमच्याच डोळ्यांत जाईल. तोंडाची फटकळ, मनात काही न ठेवणारी. दारू पिऊन आलेल्याला ती पोरगा असो की केस पिकलेला, असा सोलून काढायची की पुढच्या आठवड्यात तो माणूस फाटकाच्या बाजूला फिरकायचा नाही.

आता डब्याचं सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

बाई गाडीवर असताना एकदा शेवटच्या थांब्यावर तिच्या ड्रायव्हरला कणकणून ताप भरला. आजूबाजूला औषधाचं दुकान नाही, डॉक्टर नाही. बिचाऱ्यानं तशीच गाडी परत आणली, सगळ्या वाटेत दात वाजत होते. दुसऱ्या दिवशी बाईनं बिस्किटांचा रिकामा डबा आणला आणि ड्रायव्हर-कंडक्टरांच्या विश्रांतीच्या खोलीत फळीवर ठेवला. सगळ्यांना सांगितलं, घरी आजारपण निघून गेलं की उरलेल्या गोळ्या टाकून देत जाऊ नका, इथं आणून टाका. कुणाच्या तरी कामाला येतील.

आणि गड्यांनी आणल्या. कुणाच्या आईच्या, कुणाच्या पोराच्या, कुणाच्या सासऱ्याच्या. दर शनिवारी बाई डबा उघडून बसायची. पुठ्ठ्याचे चार कप्पे केले होते, प्रत्येकावर चिठ्ठी: डोकं, पोट, अंग, सर्दी. कुणी अख्खं पाकीट उचलून नेऊ नये म्हणून ती कात्रीनं पाकिटं कापायची, दोन-दोन गोळ्यांचे तुकडे करून ठेवायची. सर्वांना वाटणी सारखी. त्या डब्याचा डेपोला केवढा अभिमान. मोठे साहेब तपासणीला आले की डेपो मॅनेजर त्यांना आधी डबा दाखवायचा, मग गाड्या.

दुसरी अभिमानाची गोष्ट म्हणजे शिक्षण. वर्षातून एकदा डेपोत व्यसन आणि अपघात यांवर शिक्षणाचा कार्यक्रम व्हायचा. बाहेरून एक व्याख्याते यायचे. अंधार करून पडद्यावर चित्रं दाखवायचे. सडलेलं यकृत, चेपलेली मोटार, रडणारी बाई. मग विचारायचे, इथं कोण कोण पितं, हात वर करा. आजवर एकाही हातानं ती चूक केलेली नाही. तास संपायच्या आत निम्मी खोली घोरत असायची. शेवटी चहा, आणि कागदावर सही. जे गाडीवर असायचे त्यांची सही राहायची, तर तो कागद बाईकडे यायचा. गडी गाडी घेऊन फाटकाशी आला की बाई खिडकीतून कागद वर करायची, तो स्टिअरिंगवर ठेवून सही ठोकायचा, कागद खाली यायचा. त्याचं शिक्षण झालं. कागद वर पोचला की मॅनेजर छाती फुगवून सांगायचा, आमच्या डेपोत शंभरातले शंभर शिकलेले.

असल्या शिक्षणाच्या तोंडावर काय मारावं तेच कळत नाही.

डेपोत एक जुना ड्रायव्हर होता. सगळे त्याला कोरडेमामा म्हणायचे. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मामांनी दारूचा थेंब ओठांना लावला नव्हता. विडी नाही, तंबाखू नाही, चहासुद्धा अर्धाच कप. बाईनं त्यांच्याबरोबर अकरा वर्षं काढलेली. त्यांच्या गाडीत म्हाताऱ्या माणसांना निवांत झोप लागायची, एवढा त्यांचा हात हलका. पण पिणाऱ्यांबद्दल मनात दया म्हणून नव्हती. सख्खा मेहुणा एकदा पिऊन दारात आला, तर त्याला पाणीसुद्धा न विचारता बाहेरच्या बाहेर लावून दिला. यंत्रात फुंकताना मामा असे ताठ उभे राहायचे, जणू समोर फोटो काढणारा उभा आहे.

त्या आठवड्यात मामांना सर्दी झाली. रजा मागितली तर मॅनेजर म्हणाला, दोन गडी आधीच रजेवर आहेत, नाक गळतं म्हणून कुणी गाडी सोडतं का. मामांनी सकाळच्या फेरीआधी डब्यातली एक गुलाबी गोळी घेतली. नाक थांबेना. दुपारच्या फेरीआधी आणखी दोन घेतल्या.

सव्वाबाराला ते फाटकाशी आले. बाईनं त्यांच्याकडे पाहिलं. पापण्या जड, बोलणं जरासं अडखळतं.

"मामा, डोळे जड दिसतायत," ती म्हणाली.

"सर्दी आहे. डब्यातल्या तीन गुलाबी गोळ्या झाल्या. फुंकू का?"

फुंकलं. शून्य.

आणि बाई म्हणाली, डब्यातली गोळी घेतली ना, मग उतार पडेल. फाटक उघडलं.

पावणेदोनला सरळ, रिकाम्या, कोरड्या रस्त्यावर मामांची गाडी डावीकडे कलली आणि लाकडाच्या वखारीची भिंत फोडून आत गेली. ब्रेक मारल्याची खूण रस्त्यावर नव्हती. मामा जागे झाले ते काच फुटल्याच्या आवाजानं. चौदा माणसं जखमी. पहिल्या बाकावर एक शिवणकाम करणारी बसली होती, तिनं समोरचा दांडा घट्ट धरला होता. दांडा वाकला आणि तिच्या उजव्या हाताची तीन बोटं त्यात गेली.

गावानं निकाल तासाभरात लावला. प्यायलेला असणार. डेपोनं निकाल चार दिवसांत लावला. यंत्रात शून्य, रस्ता चांगला, गाडी चांगली, म्हणजे ड्रायव्हरचा बेफिकीरपणा. मामांना घरी बसवलं. चौकशी होणार होती, पण ती नावापुरती. बडतर्फीचा कागद तयारच आहे हे डेपोतल्या मांजरालाही माहीत होतं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

बाई इस्पितळात शिवणवालीला भेटायला गेली. हाताला भलं मोठं बांधलेलं, तोंड भिंतीकडे. बाईनं सांगितलं, मी त्याच डेपोतली. शिवणवालीनं मान वळवली.

"पिला होता का तो?"

"नाही. मी स्वतः बघितलं. शून्य होतं."

"मग माझी बोटं कशानं गेली?"

बाई तशीच उठली आणि बाहेर आली. डेपोत एवढे साहेब, एवढे कागद, पण हा साधा प्रश्न एकाही शहाण्यानं विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं डबा काखोटीला मारला आणि औषधाच्या दुकानात नेऊन फळीवर पालथा केला. दुकानदारानं गुलाबी गोळीचा तुकडा उचलला, उलटसुलट पाहिला, आतून तसलंच अख्खं पाकीट आणलं आणि कडेची ओळ दाखवली. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं: झोप येऊ शकते, वाहन किंवा यंत्र चालवू नये. बाईच्या तुकड्यावर त्या ओळीतलं दीड अक्षर उरलं होतं. बाकीचं तिच्याच कात्रीखाली गेलं होतं.

"तीन घेतल्या तर?" तिनं विचारलं.

"तीन?" दुकानदार म्हणाला. "बैल झोपेल."

आणि यंत्रात? दुकानदार हसला. ते यंत्र दारू हुंगतं बाई, गोळी नाही.

ती घरी आली. नवरा न्हावी, दिवसभर लोकांचं ऐकून घेणारा, स्वतः कमी बोलणारा. सगळं ऐकून त्यानं विचारलं, तुझं नाव कुणी घेतलंय का? नाही म्हणाली. मग तू कशाला घेतेस, म्हणाला. डबा तू ठेवलास, कात्री तू चालवलीस, फाटक तू उघडलंस. तोंड उघडलंस तर मामा राहतील बाजूला आणि तुलाच टांगतील.

रात्रभर तिचा डोळा लागला नाही. स्वतःचा राग होताच. पण त्याहून मोठा राग वेगळाच होता. पुढच्या वर्षीही ते व्याख्याते सडलेलं यकृतच दाखवून गेले असते. रोज पन्नास माणसं पाठीशी घेऊन जाणाऱ्याला सर्दीच्या गोळीनं झोप येते, हे सांगायला कितीसा वेळ लागतो? एक चहा प्यायला लागतो त्याहून कमी.

सकाळी ती मामांकडे गेली. मामा बाकड्यावर बसून मोडकी छत्री दुरुस्त करत होते. मामी भाजी निवडत होत्या. बाईनं पाकीट समोर ठेवलं आणि म्हणाली, उद्याच्या चौकशीत सांगा, तीन गोळ्या घेतल्या होत्या. तुम्ही नुसतं सांगा, बाकीचं मी बघते.

मामांनी पाकिटाला हातही लावला नाही.

"बत्तीस वर्षं थेंब नाही घेतला मी. आणि आता भर चौकशीत सांगू, मी नशेत गाडी चालवली?"

"नशेत कुठं? गुंगीत होता."

"लोकांना फरक कळतो?"

"कळत नाही, म्हणून तर सांगायचं."

मामा छत्रीच्या काडीला तार गुंडाळत राहिले. बेफिकीर म्हणाले तर म्हणू देत, नोकरी गेली तर जाऊ दे, पण पिणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही, एवढंच त्यांनी जमिनीकडे बघून सांगितलं. बाईनं परोपरीनं समजावलं. तुम्ही बोलला नाहीत तर माझ्या बोलण्याला कुणी भीक घालणार नाही, म्हणाली. ती उठायला लागली तेव्हा मामींनी भाजीची परात बाजूला सारली.

"माझ्या भावाला तुम्ही दारातून हाकललं," मामी नवऱ्याला म्हणाल्या. "तो पिऊन आला होता, पण पायी आला होता. कुणाची बोटं घेऊन नव्हता आला."

त्या परत भाजी निवडायला लागल्या. मामांच्या हातातली तार तशीच राहिली.

चौकशी मॅनेजरच्या खोलीत होती. टेबलामागे बाहेरून आलेला चौकशी अधिकारी, शेजारी मॅनेजर, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. बाई साक्षीला. तिचं काम एवढंच, की यंत्रात शून्य होतं असं सांगायचं आणि बाहेर जायचं. मामा शेवटी आले, इस्त्रीचा गणवेश घालून. अधिकाऱ्यानं विचारलं, काही सांगायचंय? मॅनेजरनं घड्याळ बघितलं.

मामा ताठ उभे राहिले. मग म्हणाले, "मला सर्दी होती. मी तीन गोळ्या खाल्ल्या. त्यांनी झोप येते हे मला ठाऊक नव्हतं. मी झोपलो."

अधिकाऱ्यानं फाइल चाळली आणि एक कागद वर काढला. ठाऊक नव्हतं कसं, म्हणाला. मद्य आणि अमली पदार्थांवरचं शिक्षण तुम्ही घेतलंय. ही तुमची सही.

तेव्हा बाई उठली.

"ती सही मी आणलीय साहेब," ती म्हणाली. "खिडकीतून. गाडी चालू होती. मामा त्या शिक्षणाला नव्हतेच. आणि असते तरी काय शिकले असते, ते ह्यात वाचा."

तिनं कार्यक्रमात वाटलेली शिक्षणाची पुस्तिका टेबलावर ठेवली. बत्तीस पानं. एकतीस पानं दारू. शेवटच्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याच्या वर, एक ओळ: इतर मादक पदार्थही टाळावेत. बाईनं ती ओळ वाचून दाखवली आणि विचारलं, सर्दीची गोळी ह्यात कुठं बसते ते मला दाखवा. मग पिशवीतून डबा काढला, टेबलावर ओतला. पांढरे, पिवळे, गुलाबी तुकडे फायलीवर पसरले. हा डबा माझा, म्हणाली. कात्री माझी. सूचनेची ओळ मी कापली, मला माहीत नव्हतं म्हणून. मॅनेजरसाहेब हा डबा प्रत्येक पाहुण्याला दाखवायचे, त्यांनाही माहीत नव्हतं. आता ह्यातली कुठली गोळी खाऊन गाडी चालवता येते, ते तुमच्यापैकी एकानं निवडून द्यावं.

अधिकाऱ्यानं एक तुकडा उचलला, उजेडाकडे धरला, परत ठेवला. मॅनेजर पंख्याकडे बघत होता.

आदेश पंधरा दिवसांनी आला. मामांची नोकरी वाचली, स्टिअरिंग गेलं. निवृत्तीपर्यंत गाड्या धुवायच्या. बाईला लेखी ताकीद: पुन्हा कामात कसूर झाल्यास सेवा समाप्त. शिवणवालीच्या बोटांबद्दल एक अक्षर नाही. शिक्षणाबद्दल एक अक्षर नाही. फक्त सर्वांत खाली: विश्रांतीच्या खोलीतील औषधांचा डबा तात्काळ हटवावा.

डबा हटवला. गोळ्या गड्यांच्या खिशात गेल्या. साहेब लोक हात धुऊन मोकळे.

मामा त्या दिवसापासून बाईशी बोलायचे बंद झाले. फाटकाजवळच्या धुण्याच्या कट्ट्यावर गुडघ्यापर्यंत भिजून उभे असायचे, हातात जाड पाइप. बाई दिसली की पाठ फिरवायचे. नोकरी तिनं वाचवली होती, पण डेपोभर गडी दबक्या आवाजात म्हणायचे, मामा गुंगीत होते बरं का, आणि डोळा मारायचे. तो डोळा मामांना दिसायचा.

बाईनं कुणाला न विचारता एक गोष्ट सुरू केली. फुंकण्याच्या आधी तीन प्रश्न. काही दुखतंय का? काही घेतलंय का? पाकीट आहे का, दाखव. पाकिटाच्या तुकड्यावर सूचनेची ओळ नसली तर ती औषधाच्या दुकानात फोन लावायची. गडी वैतागले. एवढी चौकशी माझ्या सासूनंही केली नव्हती, एकजण म्हणाला. तिचं जावयावाचून अडत नव्हतं, बाई म्हणाली, माझं ड्रायव्हरवाचून अडतं.

महिना झाला असेल. सकाळी नऊची गाडी, खच्चून भरलेली. ड्रायव्हर उंच मानेचा, सगळे त्याला उंट म्हणायचे. सरळ माणूस. बाईनं विचारलं तसं खरं सांगून बसला: दाढ ठणकत होती, शेजाऱ्याकडची गोळी घेतली, दोनदा. फुंकलं, शून्य. पाकिटाचा तुकडा दाखवला. दुकानदारानं फोनवर ऐकलं आणि म्हणाला, आज त्याला सायकलसुद्धा देऊ नका.

बाईनं फाटक लावून घेतलं.

पाच मिनिटांत गाडीत आरडाओरडा सुरू झाला. कुणाची परीक्षा, कुणाचं कोर्ट, कुणाच्या कामाचा खाडा. मॅनेजर धावत आला. यंत्रात किती, म्हणाला. शून्य, म्हणाली. मग सोड. नाही सोडत. दुसरा गडी द्या.

"बाई, एक ताकीद मिळालीय तुम्हाला," मॅनेजर हळू आवाजात म्हणाला.

"मिळालीय. वाचलीय मी ती."

माणसं खिडक्यांतून अर्धी बाहेर आली होती. एकानं तर उतरून फाटकाच्या कडीलाच हात घातला. बाईनं आपला हात त्या कडीवरून काढला नाही.

कट्ट्यावरचं पाणी बंद झालं. मामा पाइप टाकून आले. पँट गुडघ्यापर्यंत ओली, पायांत रबरी बूट. बाईकडे न बघता ते कडी धरलेल्या माणसाच्या आणि फाटकाच्या मध्ये उभे राहिले आणि गाडीकडे वळले.

"वखारीत गाडी घातली तो मी," ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता, तरी पुढच्या खिडक्या गप्प झाल्या. "तुम्ही सगळे म्हणत होता पिला होता. नव्हतो पिलो. ह्याच यंत्रात शून्य होतं माझं. सर्दीची गोळी खाल्ली होती. ह्यानं दाढेची खाल्लीय. आता ज्याला घाई असेल त्यानं बसून राहावं, मी फाटक उघडतो."

त्यांनी कडीला हात लावला आणि थांबले.

आधी एक म्हातारा उतरला. मग दोघी बायका. मग रांगच लागली. परीक्षेवाला मुलगा चालत पुढच्या थांब्याकडे निघाला. उंट खाली मान घालून चौकीत जाऊन तीन पायांच्या खुर्चीवर बसला आणि दहा मिनिटांत टेबलावर डोकं ठेवून घोरायला लागला. मॅनेजर ते घोरणं ऐकत उभा राहिला.

पन्नास मिनिटांनी दुसरा गडी आला, गाडी गेली. मामा पाण्यात परतले. जाताना एवढंच म्हणाले, "कडी गंजलीय, तेल घाल," आणि महिनाभरात ते त्यांचं बाईशी पहिलं बोलणं.

संध्याकाळी मॅनेजरनं दुसरी ताकीद पाठवली. शिपाई म्हणाला, इथं खाली सही करा, मला घाई आहे. बाईनं त्याला बसायला सांगितलं. कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, मोठ्यानं, बोट ठेवून. सही केली. आणि सहीच्या खाली, कुणी जागा ठेवली नव्हती तिथं, लिहिलं: यंत्रात शून्य होते. माणूस झोपेत होता. गाडी सोडली नाही.